ऑफशोअर प्रोजेक्ट मॅनेजमेंट: ऐरोलीचं ऑफिस, यार्ड की क्लायंटची बाजू?

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एखाद्या डिझाइन ऑफिसात पाच-सात वर्षं पाइपिंग किंवा स्ट्रक्चरलचं काम केलं की बऱ्याच जणांना वाटू लागतं, आता ड्रॉइंग पुरे, प्रोजेक्ट हाताळायचा. ऑफशोअरच्या, म्हणजे समुद्रातले तेल-वायूचे प्लॅटफॉर्म उभारण्याच्या धंद्यात त्यासाठी साधारण तीन वाटा आहेत. कंत्राटदार कंपनीच्या ऑफिसात प्लॅनिंग किंवा प्रोजेक्ट इंजिनिअर व्हायचं. यार्डात, म्हणजे प्लॅटफॉर्म जिथे बांधतात तिथे, आणि पुढे समुद्रावर जायचं. नाहीतर मालक कंपनीच्या किंवा तिच्या सल्लागाराच्या बाजूने कंत्राटदारावर लक्ष ठेवायचं. तिन्हींचं पदनाम कार्डावर जवळपास सारखंच छापलेलं असतं, म्हणून निवड करताना गोंधळ होतो. कामं मात्र फार वेगळी आहेत.

आधी पावसाळ्याबद्दल, कारण तिन्ही वाटांवर हुकूम त्याचाच चालतो. मुंबई हाय हे तेलक्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर आत समुद्रात आहे. १९७४ मध्ये तिथे तेल सापडलं, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं, आणि तेव्हापासून आजतागायत तिथलं जड उचलीचं काम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मे एवढ्याच काळात उरकावं लागतं. जून लागला की समुद्र क्रेनच्या जहाजाला काम करू देत नाही. जमिनीवरच्या रिफायनरीत पंधरा दिवसांचा उशीर म्हणजे पंधरा दिवसांचा उशीर. इथे एप्रिल-मेमधले पंधरा दिवस हातचे गेले तर डेक, म्हणजे प्लॅटफॉर्मचा वरचा भाग, थेट दिवाळीनंतरच बसतो. या धंद्यातलं प्रोजेक्ट मॅनेजमेंट म्हणजे बऱ्याच अंशी ही एक तारीख राखणं. तुम्ही कुठे बसता त्यावर ती तारीख तुम्हाला किती जवळून दिसते हे ठरतं.

ऑफिसात ती लांबून दिसते, पण पूर्ण दिसते. डिझाइन, खरेदी, फॅब्रिकेशन, इन्स्टॉलेशन या चारही गोष्टी एकमेकींत कशा अडकल्या आहेत ते इथेच कळतं. उदाहरण म्हणून गॅस कॉम्प्रेसरचा स्किड, म्हणजे पोलादी चौकटीवर बसवलेलं अख्खं यंत्र घ्या. ऑर्डर देताना व्हेंडरने एक वजन सांगितलेलं असतं. कित्येक महिन्यांनी सर्टिफाइड ड्रॉइंग येतं तेव्हा ते वाढलेलं असतं आणि गुरुत्वमध्यही थोडा सरकलेला असतो. वजनाच्या रिपोर्टात बदलते एकच ओळ. पण डेकचं एकूण वजन वाढलं की क्रेन त्या रेडियसला तेवढं उचलेल का हे पुन्हा तपासावं लागतं. पॅडआयची (उचलण्यासाठीच्या कड्याची) प्लेट कापून झालेली असते, स्लिंग (उचलीचे दोर) मागवलेले असतात, मरीन वॉरंटी सर्व्हेयरला, म्हणजे विम्यासाठी समुद्रावरचं काम तपासणाऱ्याला, नवं कॅल्क्युलेशन द्यायचं असतं. ही साखळी वेळेत ओळखून सगळ्यांना हलवणं हे ऑफिसातल्या प्रोजेक्ट इंजिनिअरचं खरं काम. ज्याला ते जमलं, तो पुढे प्रोजेक्ट मॅनेजर होतो.

दुर्दैवाने याच खुर्चीवर बसून वर्षानुवर्षं फक्त प्रायमव्हेरा (वेळापत्रकाचं सॉफ्टवेअर) अपडेट करणारे आणि एस-कर्व्ह (प्रगतीचे आलेख) रंगवणारे लोकही मी पुष्कळ पाहिलेत. डॉक्युमेंट रजिस्टरमध्ये प्रगती ८० टक्के दिसते, पण उरलेल्या २० टक्क्यांतच व्हेंडरची सगळी महत्त्वाची ड्रॉइंग्ज अडकलेली असतात. टक्के मोजणाऱ्याला ते कळत नाही. संध्याकाळी ट्रान्स-हार्बरने घरी जाता येतं, मुलांचा अभ्यास घेता येतो, ही जमेची बाजू मोठीच आहे. परदेशी क्लायंट असेल तर मात्र रात्रीचे कॉल गृहीत धरा.

यार्डाची गोष्ट वेगळी. गुजरातेत हजिरा किंवा तमिळनाडूत कट्टुपल्लीला बदली म्हणजे घर ठाण्यात आणि तुम्ही तिकडे. पण लोड-आउट, म्हणजे तयार डेक जहाजावर चढवणं, एकदा डोळ्यांनी पाहिला की शेड्यूलमधली ती बारीक पट्टी पुन्हा कधी तशी दिसत नाही. जेटीवरचा डेक ट्रेलरवरून किंवा घसरपट्ट्यांवरून इंचाइंचाने बार्जवर (सपाट तळाच्या जहाजावर) सरकतो. वजन येईल तसा बार्ज खाली बसत जातो, आणि त्याच वेळी भरतीचं पाणीही वरखाली होत असतं. बॅलास्ट सांभाळणारी टीम टाक्यांत पाणी भरत-काढत बार्जची पातळी जेटीशी जुळवत राहते. तयारीला उशीर होऊन भरती चुकली, तर पुढच्या योग्य भरतीपर्यंत सगळं जागच्या जागी. मग सी-फास्टनिंगचं (डेक बार्जला घट्ट जखडण्याचं) वेल्डिंग, वॉरंटी सर्व्हेयरचं सर्टिफिकेट, आणि हवामानाचा अंदाज पाहून प्रस्थान.

त्यापुढे समुद्रावरचं हुक-अप, म्हणजे बसवलेल्या डेकची सगळी जोडणी. तिथे पैशापेक्षाही खाटा कमी असतात. बार्जवर किती माणसं झोपू शकतात यावर रोजचं काम ठरतं. यार्डात राहून गेलेला एखादा सपोर्ट किंवा न जुळणारा पाइपचा स्पूल (तयार तुकडा) तिथे दुरुस्त करायचा तर माणूस न्यायचा, हॉट वर्क परमिट (वेल्डिंगसारख्या ठिणगीच्या कामाचा परवाना) काढायचं, वाऱ्याकडे पाहायचं. तेच काम यार्डापेक्षा कित्येक पट महाग पडतं. ‘अर्धवट का होईना, पाठवून द्या, समुद्रावर बघू’ हा निर्णय किती नुकसानीचा असतो ते इथे अंगावर येतं. म्हणूनच माझं मत आहे की एक तरी पूर्ण सीझन (पावसाळ्यानंतर मेपर्यंतचा) प्रत्येकाने यार्डात आणि हुक-अपला काढावा, आणि तोही ऑफिसातल्या खुर्चीच्या आधी.

धोका आहे, आणि तो सांगायलाच हवा. २७ जुलै २००५ रोजी मुंबई हाय नॉर्थवर एक सपोर्ट जहाज रायझरवर (समुद्रतळातून प्लॅटफॉर्मवर येणाऱ्या पाइपवर) आदळलं, आग लागली आणि २२ जण गेले. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात पी-३०५ हा बार्ज बुडाला. त्या वादळात समुद्रावरच्या कामगारांपैकी ८०हून अधिक माणसं गेली. काम कधी थांबवायचं आणि बार्ज कधी हलवायचा, हे सांगण्याची ताकद ज्याच्यात नाही त्याने या वाटेला जाऊ नये. हेलिकॉप्टर पाण्यात उतरलं तर बाहेर कसं पडायचं याचं प्रशिक्षणही उरकून टाकण्याची गोष्ट नव्हे. ते मन लावून करा.

तिसरी वाट क्लायंटची. मालक कंपनीत कायमची नोकरी बहुतेकांना सुरुवातीलाच मिळालेली असते. अनुभवी माणसाला सल्लागार कंपनीचं दार त्या मानाने उघडं असतं. इथे तुम्ही बनवत नाही, तपासता आणि मंजुरी देता. लम्पसम टर्नकी, म्हणजे ठरलेल्या एकरकमी किमतीत सगळं काम पूर्ण करून देण्याच्या कंत्राटात कोणता बदल कंत्राटाच्या आतला आणि कोणता जादा पैशाचा, यावरची पत्रापत्री इथे शिकायला मिळते, आणि ती शिकवण कुठेच वाया जात नाही. जुन्या प्लॅटफॉर्मवरची कामंही इथून नीट समजतात. मुंबई हायचे कित्येक प्लॅटफॉर्म मूळ ठरवलेल्या आयुष्यापलीकडे चालू आहेत, आणि चालू उत्पादनाशेजारी वेल्डिंग करायचं असतं. पण ज्याने स्वतः कधी डेक बांधला नाही, तो मंजुरी देताना एकतर सगळंच अडवतो किंवा सगळंच सोडून देतो. म्हणून ही वाट तिसरीच ठेवावी.

पीएमपी या प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या सर्टिफिकेटबद्दल नेहमी विचारलं जातं. चार वर्षांची पदवी असेल तर प्रोजेक्ट चालवल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव आणि ३५ तासांचं प्रशिक्षण लागतं. परदेशी क्लायंटच्या टेंडरमध्ये बायोडेटा जातो तेव्हा त्याचा उपयोग होतो. सीझनची जागा मात्र ते घेत नाही.

घरी आजारी आई-वडील किंवा लहान बाळ असेल तर यार्डाचा हट्ट धरू नका. ऑफिसच घ्या, पण रिपोर्टिंगची खुर्ची नको. एखादं मोठं पॅकेज किंवा वजनाचं नियंत्रण मागून घ्या. मुलींनी यार्डाला जरूर जावं. बार्जवर राहण्याची वेगळी सोय आहे का, हे आधी लेखी विचारून घ्यावं. साइटचा भत्ता, सुट्टीचं चक्र आणि पावसाळ्यात तुमचं काय, हेही ऑफर लेटरमध्येच असू द्या.

आणि मुलाखतीत उलटा प्रश्न नक्की विचारा: तुमचं जॅकेट (डेक पेलणारा, समुद्रतळावर उभा राहणारा पोलादी सांगाडा) या घडीला कुठे आहे, आणि क्रेनचं जहाज कोणत्या महिन्यासाठी बुक आहे? समोरच्याने चटकन नेमकं सांगितलं तर तिथे शिकायला मिळेल. तो ‘ते प्लॅनिंगवाले बघतात’ म्हणाला, तर दुसरी ऑफर येईपर्यंत थांबा.