विकन फेनच्या पायवाटा: सपाट आहेत, पण सोप्या कधी?

केंब्रिजपासून ईशान्येला रस्त्याने साधारण २७ किमीवर विकन नावाचं छोटं गाव आहे. गावात हिरवळीची मोकळी मैदानं, एक तळं, गवताने शाकारलेला 'मेड्स हेड' पब आणि १८१३ सालची लाकडी पवनचक्की. गावाला लागूनच विकन फेन हे नॅशनल ट्रस्टचं राखीव क्षेत्र. फेन म्हणजे पूर्व इंग्लंडातली सखल दलदल. भारतातून आलेल्या आई-वडिलांना घेऊन कुठे चालायला जावं, असं इंग्लंडातली मराठी मंडळी विचारतात तेव्हा डोंगराळ पीक डिस्ट्रिक्ट किंवा लेक डिस्ट्रिक्टच्या आधी या गावाचं नाव घ्यावं. इथे चढ जवळपास नाहीतच. मात्र सपाट वाट म्हणजे सोपी वाट असं धरून चाललात तर फसाल. चाल सोपी होणार की अवघड, हे इथे ठरतं पायाखालच्या मातीवर, वाटेतल्या फाटकांवर आणि महिन्यावर.

सगळ्यात खात्रीची वाट म्हणजे राखीव क्षेत्रातली फळ्यांची वाट, बोर्डवॉक. सुमारे १.२ किमीचा हा फेरा दलदलीवर उचललेल्या फळ्यांवरून जातो. व्हीलचेअर आणि बाबागाडी दोन्ही चालतात. न थांबता वीस-पंचवीस मिनिटं, पण पक्षी पाहण्याच्या झोपड्यांत बसत गेलं तर दीड तास कसा जातो कळत नाही. गुडघे दुखणाऱ्यांसाठी याहून चांगली वाट या भागात नाही. फळ्या ओल्या झाल्या की, आणि थंडीत त्यांवर पहाटेचं दव गोठलं की, त्या शेवाळलेल्या घाटासारख्या निसरड्या होतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत अकरा वाजायच्या आत वयस्कर माणसांना त्यावर नेऊ नये. राखीव क्षेत्रात जायला तिकीट लागतं, ट्रस्टच्या सदस्यांना लागत नाही. वर्षातून तीन-चार ठिकाणी जाणार असाल तर सदस्यत्वच परवडतं.

बोर्डवॉकवरून एक छोटी लाकडी पवनचक्की दिसते. ती नीट पाहा, या प्रदेशाची उलटीपालटी गोष्ट तिच्यात आहे. ती १९१२ साली शेजारच्या ॲडव्हेंचरर्स फेनमध्ये शेतातलं पाणी उपसून बाहेर टाकायला उभारली होती. १९५६ साली इथे आणली आणि आता ती उलट काम करते, दलदलीत पाणी चढवते. कारण असं: सतराव्या शतकापासून आसपासची दलदल कालवे खणून कोरडी केली. त्यात पैसा घालणाऱ्यांनाच ॲडव्हेंचरर म्हणत. पण इथली काळी पीट माती म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. पाणी काढलं की ती आक्रसते, हवा लागली की झिजते, वाऱ्याने उडते. जमीन खचत गेली आणि नद्या-कालवे वर राहिले. विकनची मूळ दलदल कोरडी केली नाही, म्हणून ती आज भोवतालच्या शेतांपेक्षा उंच उभी आहे आणि तिथलं पाणी खाली झिरपून जाऊ नये म्हणून सतत धडपड करावी लागते. १८९९ साली ट्रस्टने इथली पहिली दोन एकर जमीन दहा पौंडांना घेतली. १९९९ साली त्यांनी शंभर वर्षांचा बेत आखला, त्यात हे क्षेत्र ५३ चौरस किमीपर्यंत वाढवायचं आहे.

दुसरी वाट म्हणजे विकन लोडच्या काठाने अपवेअरपर्यंत. आमच्या मते सगळ्यांत रमणीय हीच. लोड म्हणजे हाताने खणलेला जुना जलमार्ग. पीट आणि दलदलीचं गवत होड्यांतून न्यायला तो वापरत. केंब्रिजला शिकत असताना चार्ल्स डार्विन फेनमधून लव्हाळी आणणाऱ्या अशाच होड्यांच्या तळाचा कचरा मजुराकरवी गोळा करून घेई आणि त्यातून दुर्मीळ भुंगेरे शोधी. व्हिजिटर सेंटरपासून लोडच्या कडेने नैर्ऋत्येला चालत राहायचं, रीच लोडला मिळालं की उजवीकडे वळायचं आणि अपवेअरच्या लॉकपर्यंत, म्हणजे होड्या चढवा-उतरवायच्या पाण्याच्या दरवाजापर्यंत, जायचं. एका बाजूचं अंतर सुमारे ३ किमी, जाऊन-येऊन ६. ताशी ४ किमीचा वेग धरला तरी थांबे धरून अडीच तास ठेवा. वाट चुकायची सोयच नाही, पाणी सोबतीला असतंच. अपवेअरला कॅम नदीच्या काठी एक खानावळ आहे, तिचं नावच 'फाइव्ह माइल्स फ्रॉम एनीव्हेअर, नो हरी'. ती उघडी असेल हे गृहीत धरून मात्र जाऊ नका. पाणी आणि खाणं विकनहूनच न्या, मधे नळ नाही, स्वच्छतागृह नाही.

मे ते सप्टेंबरमध्ये, आठवडाभर पाऊस नसेल तर, ही वाट साध्या स्पोर्ट्स शूजवर होते. ऑक्टोबरनंतर काठावरची चिकण माती खरं रूप दाखवते. पावसाळ्यात काळ्या रानात चालताना चपलेला थरावर थर चिकटून पाय जड होतो ना, अगदी तसंच. त्यात वाट कालव्याकडे किंचित कलती असली तर पाय पाण्याच्या बाजूला सरकतो. अशा वेळी घोट्याच्या वर येणारे, खोल खाचांचे बूट घाला आणि एक काठी घ्या, ती पाण्याच्या बाजूच्या हातात धरा. रबरी गमबूट पाणी अडवतात, पण त्यांचे तळवे बहुधा गुळगुळीत असतात आणि ६ किमीत टाच सोलते. जून ते ऑगस्टमध्ये त्रास वेगळा, कमरेएवढ्या वाढलेल्या खाजऱ्या नेटल्स. आपल्या खाजकुइलीपेक्षा सौम्य, पण हाफपॅंटवर जाणाऱ्याला पुढचे काही तास स्वस्थ बसू देत नाहीत. लांब पॅंट, लांब मोजे. गवतात गोचिड्या असतात, घरी आल्यावर गुडघ्यामागे आणि कमरेपाशी तपासा. चिकटलेली गोचीड बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची, पिरगळायची नाही. संध्याकाळी डासही असतात.

तिसरी निवड ॲडव्हेंचरर्स फेन आणि बरवेल फेनमधून रीच गावाकडे जाणारी लोड्स वे. ही मुख्यतः सायकलींची वाट, त्यामुळे जमीन पक्की आणि हिवाळ्यात चिखल त्यातल्या त्यात कमी. रीच लोडवरचा २०१० साली बांधलेला पूल उताराचा आहे. बरवेल लोडवरचा जुना पूल मात्र खालून होड्या जाव्यात म्हणून उंच आणि चढा केलेला. सगळ्या सपाटीत तोच एक दम लावणारा टप्पा आहे, बाबागाडी असेल तर दोघांनी उचलावी लागते. रीचपर्यंत एका बाजूला साधारण ६ किमी. परतीचं वाहन ठरवलेलं नसेल तर बरवेल लोडच्या पुलापर्यंत जाऊन मागे फिरा. रीचला पोचलात तर गावातून सुरू होणाऱ्या डेव्हिल्स डाइक या अँग्लो-सॅक्सन काळातल्या मातीच्या बांधावर चढून बघा, आपण आलो तो सगळा काळा पट्टा एका नजरेत येतो.

या भागात कोनिक घोडे आणि हायलँड गाई मोकळ्या फिरतात. ती प्रेमळ दिसली तरी पाळीव नव्हेत, खायला देऊ नका, हात लावू नका. वासरू आणि गाय यांच्या मधून जायचं नाही, वळसा घालायचा. कुत्रा सोबत असेल तर साखळी आखूड धरा, पण गाय अंगावर आली तर साखळी सोडून द्या. तिचा रोख कुत्र्यावर असतो आणि तो तुमच्यापेक्षा जोरात पळतो. वाटेतलं फाटक जसं होतं तसंच ठेवा, बंद असेल तर बंद. किसिंग गेट पहिल्यांदा पाहणारे गोंधळतात: झडप पुढे ढकला, कोपऱ्याच्या खोपीत शिरा, झडप आपल्यामागे ओढून घ्या आणि पलीकडे निघा. पाठीवर मोठी सॅक असेल तर ती आधी काढा. बाबागाडी यातून सहसा जात नाही.

राखीव क्षेत्राबाहेर शेतांतून जायचं असेल तर ऑर्डनन्स सर्व्हेचा एक्सप्लोरर २२६ क्रमांकाचा नकाशा घ्या. १:२५,००० प्रमाणाच्या या नकाशावर हिरव्या तुटक रेषा म्हणजे सार्वजनिक हक्काच्या वाटा. प्रत्यक्ष खांबांवर पिवळा बाण असेल तर फक्त पायी, निळा असेल तर घोडा आणि सायकलही. शेताच्या मधून जाणारी वाट शेतकरी नांगरू शकतो, पण नांगरल्यापासून १४ दिवसांत ती निदान एक मीटर रुंद करून पुन्हा दाखवून द्यायची, असं कायदा सांगतो. म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरात वाट ढेकळांत हरवलेली दिसली तर घाबरू नका. समोरच्या कुंपणातलं फाटक हेरा आणि नकाशावरच्या रेषेत सरळ चाला. कडेकडेने गेलात तर उलट हक्काची वाट सोडून खासगी शेतात शिरता.

पक्ष्यांसाठी मे महिना. इथे उन्हाळ्यात येणारा कुक्कू आपल्या पावशाच्या कुळातला. तो लव्हाळ्यातल्या छोट्या रीड वॉर्बलरच्या घरट्यात अंडं घालतो, आणि त्यावरचं गाजलेलं संशोधन याच दलदलीत झालं आहे. मार्श हॅरियर हा शिकारी पक्षी बाराही महिने घिरट्या घालताना दिसतो. हिवाळ्यात उजनी-जायकवाडीच्या काठावर ज्यांनी तो पाहिला आहे त्यांना लगेच ओळखू येईल. झाडोरा नसल्यामुळे वाऱ्याला आडोसा मात्र कुठेच नाही. हवामानखातं १० अंश सांगत असेल तेव्हा बांधावर कानटोपी आणि वाराबंद जाकीट लागतंच, आणि भारतातून नुकत्याच आलेल्यांना एक थर जास्तच.

यायला गाडी सोयीची: केंब्रिजहून ए१० ने स्ट्रेथमपर्यंत, तिथून उजवीकडे ए११२३. गावात आल्यावर लोड लेन धरली की वाहनतळ. वाहनाशिवाय जमतं, पण आखणी हवी. सर्वांत जवळचं स्टेशन सोहम, ते डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा सुरू झालं. गाड्या साधारण दोन तासांनी एक, आणि केंब्रिजहून येताना ईलीला बदलावं लागतं. स्टेशनपासून पुढचे पाच-साडेपाच किमी टॅक्सीने, आणि ती आदल्या दिवशीच सांगून ठेवायची. डिसेंबरात सूर्य पावणेचारच्या सुमारास मावळतो, तेव्हा अपवेअरला जायचं तर दुपारी साडेबाराच्या आत निघा. उशीर झाला असेल तर बोर्डवॉक करून चहा घ्या आणि लोडची वाट पुढच्या खेपेला ठेवा.