घरच्या ईव्ही चार्जरला ‘७५ टक्के सरकारी अनुदान’: पुणेकरांनो, या टोळीपासून सांभाळा

पुण्यात कोणी तुमच्या सोसायटीत येऊन “घरी ईव्ही चार्जर बसवा, ७५ टक्के खर्च सरकार देतं” असं सांगू लागलं, तर त्याला नोंदणीचे म्हणूनसुद्धा पैसे देऊ नका. सिंहगड रोडला आमच्या सोसायटीत या नावाखाली पाच घरांचे पैसे गेले. त्यातलं एक घर आमचं. भोसरीला माझ्या भावाचं छोटं वर्कशॉप आहे, तिथेही हीच मंडळी पोहोचली होती. म्हणजे हा एखाद्या भुरट्याचा उद्योग नाही. कागदपत्रांची तयारी करून फिरणारी टोळी आहे ही.

माझ्या सासऱ्यांनी, नानांनी, दिवाळीत इलेक्ट्रिक गाडी घेतली. गाडीबरोबर १५ अँपिअरच्या प्लगवर चालणारी केबल मिळाली होती, पण तिच्यावर बॅटरी भरायला रात्र पुरत नाही. त्यामुळे भिंतीवरचा ७.२ किलोवॅटचा चार्जर बसवायचं घरात चाललंच होतं. अशात एका रविवारी सकाळी दोन जण सोसायटीच्या गेटपाशी टेबल मांडून बसले. गळ्यात ओळखपत्रं, टेबलावर लॅमिनेट केलेला शासन निर्णय, शेजारी महावितरणच्या लोगोचं माहितीपत्रक. सेक्रेटरींना त्यांनी आपण “महावितरणच्या यादीतले ठेकेदार” असल्याचं सांगितलं. बोलणं एकदम अदबीचं. “काका, आधी तुम्ही भरायचे, ४५ दिवसांत सरकार तुमच्या खात्यात परत टाकतं. सोलरला नाही का टाकत?”

सोलरचं हे वाक्य सगळ्यात घातक ठरलं, कारण ते खरं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटच्या पॅनेलला ७८,००० रुपये मिळतात, आणि ते पॅनेल बसल्यावर थेट ग्राहकाच्या बँक खात्यात येतात. नानांच्या धाकट्या भावाच्या धायरीच्या बंगल्यावर पॅनेल बसली, पैसे जमा झाले, ती नोंद नानांनी पासबुकात स्वतः पाहिलेली. मग चार्जरलाही तसंच मिळत असेल, यात त्यांना न पटण्यासारखं काय होतं? लोक लोभी असतात म्हणून फसतात, असं सरसकट बोललं जातं त्याची मला चीड येते. सरकारी योजनेचा खरा अनुभव असलेल्या माणसाला त्याच अनुभवाच्या आधारे फसवलं गेलं.

हिशोब असा होता. चार्जर, केबल आणि फिटिंगचे मिळून ४८,००० रुपये. त्याचे ७५ टक्के, म्हणजे ३६,००० परत येणार. नोंदणी शुल्क २,५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे २,९५० रुपये जागेवर. त्याची छापील पावतीही मिळाली. लाइट बिल, आधार, पॅन, आरसी आणि रद्द केलेला चेक यांच्या झेरॉक्स घेतल्या. “नोंदणी न करता घरी चार्जिंग केलंत तर दंड बसेल,” अशी भीतीही जाता जाता घातली. ही शुद्ध थाप आहे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलंय की घरी किंवा ऑफिसमध्ये आपल्या आहे त्याच वीजजोडणीवर गाडी चार्ज करता येते.

तो लॅमिनेट केलेला कागद मी नंतर नीट पाहिला. मजकूर बराचसा खरा होता. महाराष्ट्राच्या २०२१ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात स्लो चार्जरला किमतीच्या ६० टक्के आणि जास्तीत जास्त १०,००० रुपये असं प्रोत्साहन होतं. पण ते सार्वजनिक आणि निमसार्वजनिक चार्जिंगसाठी, तेही पहिल्या १५,००० चार्जरपुरतं, आणि त्या धोरणाची मुदत ३१ मार्च २०२५ ला संपली. या लोकांनी झेरॉक्स काढतानाच तारखेचा वरचा भाग कापला होता आणि ६० च्या जागी ७५ आणलं होतं. मे २०२५ मध्ये नवं धोरण आलं, ते २०३० पर्यंत आहे. त्यात गाडीच्या खरेदीवर सवलत आहे, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर टोलमाफी आहे, महामार्गांवर चार्जिंगची सोय आहे. तुमच्या पार्किंगमधल्या खासगी चार्जरचे पैसे तुमच्या खात्यात टाकण्याची तरतूद त्यात नाही. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत चार्जिंगसाठी २,००० कोटी आहेत, तेही सार्वजनिक स्टेशनांसाठीच.

मग ७५ टक्के आले कुठून? याचं उत्तर माझ्या भावाला सापडलं. त्याच्या वर्कशॉपला पाठवलेल्या पीडीएफमध्ये “प्रति आस्थापना कमाल ४० सॉकेट” अशी ओळ होती. भोसरीच्या शेडमध्ये ४० गाड्या कुठून येणार? दादाने शोधलं तर हा नियम ब्रिटनचा निघाला. तिकडे कामाच्या ठिकाणी चार्जर बसवायला सरकार खर्चाच्या ७५ टक्के देत आलंय, एका सॉकेटमागे ३५० पौंडांची मर्यादा बरीच वर्षं होती, आणि एका अर्जदाराला ४० सॉकेटपर्यंत मिळतं. पौंडांची ओळ वगळून बाकीचं मराठीत उतरवलं होतं.

आणि खरी योजना चालते कशी, हे इथे बघण्यासारखं आहे. ब्रिटनमध्ये अनुदानाचा दावा चार्जर बसवणारा अधिकृत ठेकेदार करतो आणि ग्राहकाच्या बिलातून तेवढी रक्कम कमी होते. दिल्ली सरकारने पहिल्या ३०,००० चार्जिंग पॉइंटना प्रत्येकी ६,००० रुपये दिले, तिथेही ग्राहकाने अनुदान वजा जाता उरलेली रक्कमच भरायची होती. आमच्याकडे आलेल्यांनी नेमकं उलटं सांगितलं: सगळे आधी तुम्ही भरा.

चार्जर मात्र बसवला त्यांनी, आणि माझा जास्त संताप त्या चार्जरवर आहे. ७.२ किलोवॅटचा चार्जर सिंगल फेजवर ३२ अँपिअरच्या आसपास ओढतो आणि तासन्‌तास ओढत राहतो. त्याला तांब्याची निदान ६ चौरस मिलिमीटरची केबल लागते, लांब अंतर असेल तर त्याहून जाड. यांनी मीटर रूमपासून आमच्या पार्किंगपर्यंत २.५ ची टाकली होती. तिसऱ्या-चौथ्या रात्रीच नानांना जळक्या रबराचा वास आला. केबलला हात लावला तर चटका बसला. सकाळी आमच्या नेहमीच्या वायरमनने डबा उघडला. आतली हिरवी वायर, म्हणजे अर्थिंगची, कशालाच जोडलेली नव्हती. टोकाला काळी टेप गुंडाळून ती नुसती आत सारलेली. डब्यावर कंपनीचं चकचकीत स्टिकर होतं, पण आयएस नंबर (भारतीय मानकाचा क्रमांक) नाही की सिरियल नंबर नाही. पावसाळ्यात आमच्या पार्किंगमध्ये पाणी येतं, एरवी तिथे मुलं क्रिकेट खेळतात. पैशांचं दुःख आहेच, पण एखाद्या पोराचा हात त्या डब्याला लागला असता तर?

वीजजोडणीचा मंजूर भार, म्हणजे मीटरवर किती किलोवॅट वापरायची परवानगी आहे तो आकडा, वाढवायचा अर्जही त्यांनी केलेला नव्हता, “ते आमच्याकडे लागलं” असं सांगून मोकळे झाले होते. भार वाढवायचा असेल तर अर्ज महावितरणकडे आपल्या ग्राहक क्रमांकावर होतो, आणि पैसेही महावितरणच्या कोटेशनप्रमाणे महावितरणलाच भरायचे असतात. कुणाच्या यूपीआयवर नाही.

इतकं झाल्यावरही खेळ संपला नव्हता. नानांना मेसेज आला: अनुदान मंजूर, रक्कम सोडण्यासाठी परतावा मिळणारी अनामत ९,४०० रुपये भरा. आधीचे अडकलेले सोडवण्यासाठी नानांनी तेही भरले. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे तर व्हॉट्सअ‍ॅपवर “अनुदान स्टेटस” नावाची एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल, आली. ती उघडल्यावर एसएमएस वाचायची परवानगी मागितली गेली, काकांनी दिली, आणि त्याच संध्याकाळी त्यांच्या खात्यातून १ लाख ८० हजार गेले. ओटीपी त्यांनी कुणालाही सांगितला नव्हता. तो त्या अ‍ॅपने परस्पर वाचला.

काकांच्या मुलीने लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावला म्हणून पुढच्या खात्यात पोहोचलेल्या रकमेतला काही भाग तरी गोठवला गेला. इथे वेळ फार महत्त्वाचा आहे. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात असे पटापट हलवले जातात, त्यामुळे “उद्या बँकेत जाऊन बघू” म्हणून थांबू नका. १९३० लागत नसेल तर राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाका आणि बँकेच्या कस्टमर केअरला फोन करून खात्यातले व्यवहार थांबवायला सांगा. अशी एपीके टाकली गेली असेल तर आधी मोबाइलचं इंटरनेट बंद करा आणि हे सगळे फोन दुसऱ्या मोबाइलवरून करा. आमच्या काकांच्या फोनवर येणारे बँकेचे मेसेज त्या लोकांकडे जातच होते.

आमच्या पाचही घरांनी वेगवेगळ्या तक्रारी दिल्या आहेत. सेक्रेटरींनी गेटच्या सीसीटीव्हीचं फुटेज पोलिसांना दिलंय. त्या दोघांचे नंबर बंद आहेत, पावतीवरच्या पत्त्यावर तशी कुठली फर्मच नाही. बाकी सोसायट्यांमध्ये ज्यांच्याकडे २,९५० रुपयांची अशी पावती असेल, त्यांनी रक्कम छोटी म्हणून सोडून न देता आपली तक्रार नोंदवावी. पैसे ज्या यूपीआय आयडीवर गेले त्याचा स्क्रीनशॉट, व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज आणि पावती यातलं काहीही डिलीट करू नका, फेकू नका. चार्जर बसवून झाला असेल तर तो आजच मेनपासून तोडून घ्या, आणि काढण्याआधी आतल्या वायरिंगचे आणि केबलवरच्या छापील आकड्याचे फोटो काढून ठेवा. तपास अधिकाऱ्यांनी आमच्याकडे सगळ्यात आधी तेच मागितले.