जुने जेबीएल एल-100 सेंच्युरी: घेण्याआधी मधला स्पीकर तपासा

1970च्या दशकातल्या अमेरिकन घरांत हे स्पीकर भरपूर विकले गेले, त्यामुळे जुन्या बाजारात आजही जोडी दिसते. खर्जाला 12 इंची पांढरा वूफर, मधल्या स्वरांना 5 इंची मिडरेंज, म्हणजेच ‘मिड’ (एलई5-2), आणि उंच स्वरांना छोटा ट्वीटर; तिन्हींना पुढे हलणारा कागदी पडदा, म्हणजे कोन. मिड सुमारे 1500 हर्ट्झपासून 6000 पर्यंत वाजतो. गायकाचे शब्द, सतारीची मिंड, तबल्याच्या चाटीची धार सगळी त्याच्याकडे. तोच आजारी असेल तर आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो.

विकणारा बहुतेक वेळा ‘मिड उडालाय’ म्हणतो आणि किंमत पाडतो. पण या मॉडेलमध्ये मिड खरोखर जळलेला असण्यापेक्षा पुढच्या ‘प्रेझेन्स’ नॉबमागचा एल-पॅड (मिडचा आवाज कमी-जास्त करणारा तारेचा रेझिस्टर) गंजलेला असण्याची शक्यता जास्त. दुखणं म्हशीला आणि डाग पखालीला, अशातला हा प्रकार. म्हणून आधी मोनो (दोन्ही पेट्यांत एकच आवाज येणारं) गाणं लावा, कान मिडजवळ न्या आणि नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा-बारा वेळा फिरवा. खरखर झाली, किंवा एखाद्या ठिकाणी आवाज उसळून आला, तर ड्रायव्हर, म्हणजे मिड स्वतः, जिवंत आहे. मग अॅम्प्लिफायरच्या डाव्या-उजव्या वायरींची अदलाबदल करा. दोष त्याच पेटीत राहिला तर अॅम्प निर्दोष.

मागच्या टर्मिनलला मल्टीमीटर लावून मिड ‘तपासणारे’ पुष्कळ भेटतात. तिथे फक्त वूफर मोजला जातो, कारण मिड आणि ट्वीटरच्या वाटेत कपॅसिटर आहेत आणि ते मीटरचा डीसी (एकाच दिशेचा प्रवाह) अडवतात. मिड पेटीतून काढा, वायरींवर खूण करा, एक वायर सोडवा आणि मग थेट त्याच्या टर्मिनलवर मोजा. 8 ओहमचा ड्रायव्हर साधारण 5 ते 7 ओहम दाखवतो. दोन्ही बाजूंचे आकडे अर्ध्या ओहमच्या आत जुळायला हवेत.

मीटर काहीच दाखवत नसेल तर लगेच रीकोनिंगला (नवा कोन आणि कॉइल बसवायला) धावू नका. टर्मिनलपासून कोनकडे जाणारी विणलेली बारीक वायर चिमट्याने हळू हलवा. आकडा येत-जात असेल तर तीच तुटली आहे. तसलीच लवचीक विणलेली वायर सोल्डर केली की काम झालं. साधी ताठ वायर लावली तर महिन्याभरात पुन्हा तुटेल. वायर शाबूत असून आकडा येत नसेल तर कोनमागची तारेची कॉइलच गेलेली.

आकडा बरोबर, पण आवाज फाटतो? कोनच्या दोन्ही बाजूंना बोटं ठेवून समान दाब द्या. घासल्याचा आवाज आला तर कॉइल फुगली आहे किंवा सरकली आहे. अशा मिडवर पैसे घालू नयेत. जोडीतला एकच मिड दबका वाजत असेल तर दोन्ही मिड एकमेकांच्या पेटीत बसवून पाहा. दोष ड्रायव्हरबरोबर गेला तर मॅग्नेट क्षीण झाला असण्याची शंका घ्या. अल्निको मॅग्नेट पुन्हा चार्ज करता येतो, पण ते घरी करण्याचं काम नाही.

दोष पेटीतच राहिला तर एल-पॅड किंवा कपॅसिटर. वूफर काढला की त्या भोकातून दोन्हीपर्यंत हात पोचतो. पॅडमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारून तीसेक वेळा फिरवा. तार झिजली असेल तर जुन्यावर छापलेल्या ओहमचाच नवा घ्या. सुरुवातीच्या एल-100 मध्ये मिडला 8 आणि ट्वीटरला 3 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे; तरी छापील आकडा वाचूनच बदला. साधा ध्रुवता असलेला (धन-ऋण बाजू ठरलेला) इलेक्ट्रोलिटिक इथे चालत नाही. 100 व्होल्टचा फिल्म कपॅसिटर घ्यावा. 8 मिळाला नाही तर 6.8 आणि 1 समांतर जोडा, 7.8 झाले, कानाला फरक कळणार नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात तपकीर गल्ली, आधी तिथे विचारा. कपॅसिटर दोन्ही पेट्यांत एकदमच बदला, आणि तो वगळून मिड कधीही थेट अॅम्पला जोडू नका.

एक गोष्ट मात्र भल्याभल्यांना चकवते. जुन्या जेबीएल ड्रायव्हरच्या लाल टर्मिनलला दीड व्होल्टच्या बॅटरीचा धन टोक लावला तर कोन बाहेर न येता आत जातो. ही कंपनीची तेव्हाची रीतच होती. उलटा बसवलाय समजून कुणीतरी एकाच पेटीत वायरी ‘सुधारलेल्या’ असतात, आणि मग गायकाचा आवाज दोन पेट्यांच्या मध्यभागी उभाच राहत नाही.

दोन्ही मिड मूळ, आकडे जुळणारे आणि न घासणारे असतील तर जाळीचा फोम भुगा झालेला असला तरी जोडी घ्यावी. फोम नवा मिळतो. मिडच्या मागे एलई5-2 छापलं नसेल, किंवा दोन बाजूंना दोन निराळे ड्रायव्हर असतील, तर भाव निम्म्यावर आणा. 2018 मध्ये आलेला एल-100 क्लासिक वेगळा स्पीकर आहे. त्याचा मिड यात बसेल, असं कुणी म्हटलं तर ऐकू नका.