काना सरळ आला

मी सुलेखन करते. लग्नपत्रिका, मुखपृष्ठं, दुकानांच्या पाट्या. बोरूनं लहान अक्षर लिहायला मनगट पुरतं. पण गेल्या वर्षी एका भिंतीवरच्या कामासाठी तीन फुटी काना ब्रशच्या एकाच ओढीत उतरवायचा होता आणि तो दर वेळी मध्यावर थरथरायचा. बावीस कागद वाया गेले. उजवा खांदा तर कायमचा कानाला टेकलेला. डॉक्टर म्हणाले व्यायाम करा, म्हणून सदाशिव पेठेतला हा योगवर्ग लावला. आठ महिने झाले. (बाईंना जाहिरात आवडत नाही, म्हणून वर्गाचं नाव लिहीत नाही.)

वर्ग योगगुरू बी. के. एस. अय्यंगार यांच्या पद्धतीचा. पट्टे, लाकडी विटा, लोड, खुर्च्या, भिंतीला बांधलेले दोर. गोमुखासनात माझे हात पाठीमागे एकमेकांच्या जवळपासही येत नव्हते. बाईंनी मुकाट्यानं हातात पट्टा दिला. तेव्हा मध्ये वीतभर अंतर होतं, आता बोटं लागतात.

"हात नुसता वर नेऊ नका, खवाटा खाली सोडा," हे वाक्य त्या रोज म्हणतात. खवाटा म्हणजे खांद्यामागचं पसरट हाड. दोन महिने मला त्यातलं काही कळलं नाही. मग एका सकाळी पर्वतासनात तो खवाटा खरंच खाली सरकला आणि मान मोकळी झाली. त्याच संध्याकाळी कागद लावला, ताडासनात राहते तशी दोन्ही पायांवर सारखी उभी राहिले आणि श्वास सोडत ब्रश खाली आणला. काना सरळ आला. वरपासून खालपर्यंत एका जाडीचा. शाई वाळेपर्यंत मी तिथून हलले नाही.

व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन १९५२मध्ये मुंबईत अय्यंगार गुरुजींना भेटले, त्यांच्याकडे शिकले आणि पुढे त्यांना घड्याळ भेट दिलं. आपल्या सर्वोत्तम व्हायोलिन शिक्षकाला, असं त्यावर कोरलं होतं. पूर्वी ही गोष्ट मला नुसती कौतुकाची वाटायची. आता पटते. गज ओढा नाहीतर ब्रश, भार खांद्यावरच येतो.

नवं काही सुचावं म्हणून मात्र इथे येऊ नका. बाईंच्या सूचना इतक्या बारीक असतात की मन भटकायला जागाच उरत नाही. त्यासाठी मी पर्वती चढते. रचना बहुतेक वेळा उतरताना सुचते. स्टॅनफर्डच्या संशोधकांना २०१४मध्ये हेच दिसलं होतं, कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चाललं तरी माणसाला कल्पना जास्त सुचतात. एकच नेमकं उत्तर शोधायचं असेल तर मात्र चालण्याचा तसा फायदा त्यांना दिसला नाही. अक्षरांमधलं अंतर ठरवायला मीही टेबलाशीच बसते.

तक्रारी दोन. रविवारी तीस माणसं आणि दोर सहा, त्यामुळे अर्धा वेळ वाट बघण्यात जातो. आणि फी तीन महिन्यांची एकदम भरावी लागते, गावाला गेलात तर ते दिवस बुडाले. शिकवण्यात खोट नाही.

चित्रकार, वादक, दिवसभर मान खाली घालून भरतकाम करणारे, सगळ्यांना सांगेन की मंगळवार-शुक्रवारची सकाळी साडेसहाची तुकडी घ्या. तिथे दहाच जणं असतात. वर्गातून आल्या आल्या शाईला हात लावू नका, बोटं थोडा वेळ कापतात. मी दहा वाजता बसते.