सेलू यायच्या आत संपला पायजे

परभणीहून संभाजीनगरला महिन्यातून दोन चकरा होतात माझ्या, रेल्वेनं साडेतीन-एक तास, आणि हिप-हॉपचे, म्हणजे रॅपचे अल्बम मी त्याच गाडीत ऐकतो, घरी नाही, घरी लावलं की आई विचारती, हे भांडायलेत का गाणं म्हणायलेत? त्यामुळं माझं माप स्टेशनाचं आहे. शफल नाही, गाणं पुढं ढकलायचं नाही, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मधीच भेळवाल्याकडं लक्ष गेलं की समजायचं अल्बम ढिला पडायलाय.

ह्या मापात सगळ्यात वर अमेरिकेतल्या नास नावाच्या रॅपरचा इल्मॅटिक. १९९४ चा, दहा ट्रॅक, चाळीस मिनिटं, सेलू स्टेशन यायच्या आत खल्लास. पोरगं तेव्हा वीस वर्षांचं होतं बरं का. आणि अख्खा अल्बम न्यूयॉर्कच्या क्वीन्सब्रिज नावाच्या सरकारी घरांच्या वस्तीतून बाहेर पडतच नाही, पडायची गरजच वाटत नाही त्याला. त्यातलं वन लव्ह हे गाणं तर निव्वळ जेलमधल्या दोस्ताला लिहिलेलं पत्र आहे, तुला पोरगं झालं, तुझ्यावर गेलंय म्हणतेत, बायको पत्र काऊन लिहीत नाही, असं सगळं. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला निम्मंसुद्धा इंग्रजी कळलं नव्हतं, शब्द मोबाईलवर वाचत वाचत ऐकला, तरी त्या पत्राला घशात काहीतरी अडकलंच. लाइफ्स अ बिच ह्या गाण्यात शेवटी जे कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटसारखं वाद्य, वाजतं ते त्याच्या वडलांनी, ओलू डारांनी वाजवलंय. बाप पोराच्या रेकॉर्डिंगला येऊन वाजवून गेला, आमच्याकडं बाप पोराचं गाणं ऐकून घेतो तेवढंच लै.

आमच्याकडं १९९४ म्हणलं की १४ जानेवारी, नामविस्तार, मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं तो दिवस. माझे वडील त्यावर बोलायला बसले की चहा गार होतो. त्यानंतर तीन महिन्यांनी तिकडं हा अल्बम आला. दोन्हीचा एकमेकाशी काही संबंध नाही, मलाबी कळतं ते, पण आपल्या वस्तीचं आपणच आपल्या तोंडानं ठेक्यात सांगायचं ही गोष्ट मला काय न्यूयॉर्कनं शिकवली नाही, आंबेडकरी जलशात आणि भीमगीतांत ती लहानपणापासून ऐकलेली. वामनदादा कर्डकांची गाणी लाऊडस्पीकरवर ऐकत मोठं झालेल्याला यमक काय शिकवायलात राव.

दुसरा अमेरिकन रॅपर केंड्रिक लमार, त्याचा टू पिंप अ बटरफ्लाय, २०१५, हा मात्र सेलूत मावत नाही, सव्वा तासाच्या वर जातो, परतूर मागं पडतं. आणि पहिल्या दोन वेळेला मला तो अजिबात आवडला नव्हता, खरं सांगतो. जॅझ काय, कमासी वॉशिंग्टनचा सॅक्सोफोन काय, थंडरकॅटचा बास काय, मी म्हणलं बीट कुठाय भाऊ. तिसऱ्या वेळेला डोक्यात शिरलं ते असं, की तो एक कविता घेतो आणि काही गाणी झाली की परत ती सुरुवातीपासून म्हणतो, दरवेळी थोडी पुढं नेतो. हे तर कीर्तनच झालं की! बुवा एक चरण घेतेत, दृष्टांत सांगतेत, फिरून चरणावर येतेत, आणि पूर्ण अभंग कळतो तो एकदम शेवटाला. शेवटच्या गाण्यात तर १९९६ ला गेलेल्या टुपॅक ह्या रॅपरशी तो गप्पा मारतो, टुपॅकच्या १९९४ च्या एका मुलाखतीतला आवाज कापून आपल्या प्रश्नांना लावलाय. मी जागेवर ताठ बसलो होतो, समोरच्या आजीनं विचारलं, काय झालं रं बाळा. पुलित्झर पारितोषिक २०१८ ला मिळालं ते त्याच्याच डॅम ह्या अल्बमला, माझ्या मते द्यायचं तर ह्याला द्यायचं होतं.

आता आपल्याकडचे रॅपर. प्रभ दीपचा क्लास-सिख, २०१७, दिल्लीचं टिळक नगर, बीट सेझ ऑन द बीट नावाच्या प्रोड्युसरचे. पंजाबी मला येत नाही तरी हा इल्मॅटिकचा सख्खा भाऊ वाटतो, तेच, आपली गल्ली सोडत नाही. सीधे मौत ह्या दिल्लीच्याच जोडीचा बयान (२०१८) पण भारी, रागच राग. त्यांचा लंच ब्रेक मात्र तीस ट्रॅकचा, आणि त्यातले निम्मे काढले असते तर मी गावभर कौतुक करत हिंडलो असतो. मुंबईच्या डिव्हाइनचा कोहिनूर, २०१९, साऊंड एकदम चकाचक, पण २०१५ च्या त्याच्या मेरे गली में गाण्यामधी जी भूक होती ती पोट भरल्यावर कुठून येणार, त्याची चूक नाही, आपली अपेक्षा चूक. पुण्याच्या एमसी स्टॅनचा तडीपार (२०२०) मला त्याच्या इन्सानपेक्षा आवडतो, इन्सानमधी ऑटोट्यून, म्हणजे मशिनीनं सुरात बसवलेला आवाज, इतकं की भेळवाला तीनदा दिसला.

मराठीत स्वदेसी ह्या ग्रुपचं वारली रिव्होल्ट गाणं ऐका, मुंबईतल्या आरे जंगलाचे प्रकाश भोईर त्यात आहेत, जंगलाचं सांगणं जंगलातल्या माणसाच्या तोंडून, कुठंच ओढूनताणून नाही. पण ते मुंबईचं. मला पायजे ते आपल्या मराठवाडी बोलीत करायलो-जायलो म्हणणारं रॅप, नुसतं एक गाणं नाही, अख्खा अल्बम, दुष्काळातला टँकर आणि एमपीएससीच्या खोल्या असणारा. माझा एक दोस्त लिहायलाय, चार व्हर्स, म्हणजे कडवी झालेत, पैकी दोन चांगले, दोनात उगंच गाड्या न् पिस्तुलं आहेत. घरी सायकल आहे त्याच्या, तिच्यावर लिही म्हणलं तर आठ दिवस बोलला नाही.