मधुमेही बोक्याला घरी येऊन सांभाळणाऱ्या ताई (कोथरूड)

आमचा गुंड्या १२ वर्षांचा. त्याला रोज दोनदा, १२ तासांच्या अंतराने इन्सुलिन लागतं. गणपतीला चिपळूणला जायचं तर त्याला कुणाच्या भरवशावर ठेवायचं? बोर्डिंगची जागा स्वच्छ होती, पण शेजारच्या पिंजऱ्यात कुत्री भुंकत होती आणि मांजराचा जीव त्याच्या जागेत असतो. म्हणून घरी येणाऱ्या ताई शोधल्या.

पैशांचं बोलण्याआधीच त्यांनी विचारलं, "बाटली ४० ची की १०० ची? सिरिंज लाल टोपणाची की केशरी?" मला तिथेच विश्वास वाटला. हे आकडे म्हणजे इन्सुलिनची ताकद, एका मिलीलिटरमध्ये किती युनिट ते; लाल टोपणाची सिरिंज ४० साठी, केशरी १०० साठी. आपल्याकडे दोन्ही मिळतात आणि बाटली-सिरिंजची जोडी चुकली तर डोस अडीच पटीने चुकतो. मग म्हणाल्या, "जेवला नाही तर मी सुई देणार नाही, आधी डॉक्टरांना फोन करीन." जाण्याआधी आमच्यासमोर त्यांनी एक डोस दिला. हात अगदी हलका. साखर उतरली तर हिरड्यांना लावायला मधाची बाटली स्वतःच ओट्यावर काढून ठेवली.

रोज रिकाम्या वाटीचा आणि मातीच्या ट्रेचा फोटो यायचा. लघवी जास्त वाटली तेव्हा लगेच कळवलं.

दर इतरांपेक्षा जास्त आहे, सणाला आणखी वाढतो, आणि महिनाभर आधी सांगावं लागतं. निरोगी, तरुण मांजर असेल तर शेजारच्या काकूही पुरतील. औषधावरच्या जनावरासाठी मात्र मी ह्यांनाच बोलावीन. दिवाळीचं सांगून ठेवलंय.