यूमॅप वापरून पाह्यलं: गावच्या पांदण रस्त्यांचा नकाशा सगळ्यांच्या मोबाईलवर दाखवायचा असेल तर

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातल्या गावाचे पांदण रस्ते, नाले, शेततळी अन् गटांच्या हद्दी अशा सगळ्या फाईली हातात होत्या, पण त्या उघडाले क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर लागते अन् ते गावात कोणाकडे आहे? ग्रामसभेत लोकांना दाखवायचं म्हणजे प्रिंट काढा, नाहीतर लॅपटॉपभोवती गर्दी करा. म्हणून यूमॅप घेतलं, आता बऱ्यापैकी वापर झाला तर लिहून राहिलो.

यूमॅप म्हणजे ओपनस्ट्रीटमॅपवर (लोकांनी मिळून बनवलेला जगाचा खुला नकाशा) आपला नकाशा बनवायची फुकट वेबसाईट, ओपनस्ट्रीटमॅप फ्रान्सवाले चालवतात. जिओजेसन, केएमएल, जीपीएक्स, सीएसव्ही या प्रकारातली कोणतीही नकाशाची फाईल टाका, नकाशावर येते, मग लिंक कॉपी करून व्हॉट्सअॅपवर सोडा. समोरच्याला काही इन्स्टॉल करा लागत नाही, हेच मले सगळ्यात जास्त आवडलं. आतमधे लीफलेट आहे, वेबवर नकाशा दाखवायचा 2011 मधे आलेला तयार कोड (लायब्ररी), लय हलका, म्हणून जुन्या कमी रॅमच्या फोनवर पण नकाशा सरकते, झूम होते, रेषेवर बोट ठेवलं की पांदणीचं नाव, लांबी, कुठं अडली ते सगळं डब्यात उघडते.

रंगाचं पण चांगलं आहे. फाईलमधे 'स्थिती' असा कॉलम असला तर त्यावर नियम लावता येते, अडलेली पांदण लाल, मोकळी झालेली हिरवी. आमच्याकडचे एक म्हातारे कास्तकार नातवाच्या फोनवर लाल रेष पाहून लगेच म्हणाले, "बापू, हे चुकलं, पांदण माया धुऱ्यावरून नाई जात, बाभळीच्या तिकडून जाते." दुरुस्ती तिथंच करून टाकली. कागदावरचा नकाशा वर्षानुवर्षं तसाच लटकून राहते, त्यात असं कोण करते.

आता जिथं लोक अडकतात ते नीट सांगतो. शेपफाईल (क्यूजीआयएससारख्या सॉफ्टवेअरमधली नकाशाची फाईल, तिचे तीन-चार तुकडे असते) यूमॅप सरळ घेत नाही, आधी जिओजेसन करा लागते. मॅपशेपरची वेबसाईट त्यासाठी एकदम बेस्ट, shp, shx, dbf अन् prj अशा चारही फाईली एकदमच ओढून टाकायच्या, एकटी shp टाकली तर आकार येतील पण नावं गट नंबर काही येणार नाही. prj तर कधीच सोडू नका, आकडे कोणत्या पद्धतीतले आहेत ते त्यातच लिहून असते. बऱ्याच फाईली यूटीएममधे असते, म्हणजे पृथ्वीचे सहा-सहा अंशाचे उभे पट्टे (झोन) पाडून मीटरमधे जागा सांगायची पद्धत. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातूनच 78 अंश रेखांश जाते, त्याच्या पश्चिमेला पुसद, दिग्रस, दारव्हा यूटीएमच्या 43 झोनमधे अन् यवतमाळ, वणी, पांढरकवडा 44 मधे. एका ठिकाणाहून आलेल्या फाईलीवर झोन चुकीचा लिहून होता तर दारव्ह्याकडचं वावर ओडिशात जाऊन पडलं होतं, सहा अंशाचा फरक म्हणजे सहाशेच्या वर किलोमीटर! वेबच्या नकाशाला डब्ल्यूजीएस 84 मधलेच, म्हणजे साध्या अक्षांश-रेखांशाचेच, आकडे पाहिजे, त्यामुळे मॅपशेपरमधून काढतानाच ते करून घ्या.

दुसरं, जिओजेसनमधे आधी रेखांश अन् मग अक्षांश असते, आपण बोलतो त्याच्या उलट. कोणी हातानं उलटं लिहिलं तर यवतमाळ तिकडे उत्तर ध्रुवाकडे स्वालबार्डजवळ समुद्रात दिसते. नकाशा उघडल्यावर कोराच दिसला तर झूम आउट करून आधी हे तपासा.

फाईलचं वजन पण पाहा. आमची गटांच्या हद्दीची फाईल जड होती, लॅपटॉपवर ठीक चालली पण फोनवर नेटवर्कच्या एका काडीवर उघडताच उघडेना. आकड्यांमधे दशांशानंतर दहाबारा अंक होते, पाच अंक म्हणजे साधारण एक मीटर, फोनचा जीपीएसच तेवढा अचूक नसते, मग बाकीचे अंक कशाला वागवायचे. ते कमी केले अन् रेषा थोड्या सोप्या केल्या, फाईल चांगलीच हलकी झाली. मराठी नावं सीएसव्हीमधून टाकायची असतील तर एक्सेलमधे सेव्ह करताना यूटीएफ-8 वालाच प्रकार निवडा, नाहीतर नावाच्या जागी नुसते प्रश्नचिन्हं.

असाच आपला नकाशा बनवाले गूगल माय मॅप्स पण आहे, त्याचा सॅटेलाईट फोटो मस्त, बांधावरचं झाड न् झाड दिसते, यूमॅप त्यात मागं पडते. पण माय मॅप्समधे एका लेयरला 2000 ओळींची मर्यादा, जिओजेसन घेत नाही, अन् त्याचं अँड्रॉइड अॅप 2021 मधेच बंद झालं. मोठं काम असेल तर ते पुरत नाही.

यूमॅपची खरी कमतरता म्हणजे ऑफलाईन चालत नाही. शिवारात नाल्याच्या तिकडे गेलं की नेटवर्क गायब, अन् नकाशाची खरी गरज तिथंच असते. त्यासाठी आम्ही पांदणीच्या रेषा केएमएल करून ऑरगॅनिक मॅप्स या फोनवरच्या नकाशाच्या अॅपमधे टाकतो, ते नेट नसताना पण चालते.

लॉगिन न करता नकाशा बनवला तर एडिटची एक गुप्त लिंक भेटते, ती हरवली तर नकाशात हातच घालता येत नाही, म्हणून ओपनस्ट्रीटमॅपचं खातं काढून लॉगिन करूनच बनवा. नकाशा कोणाला दिसावा ते सेटिंगमधे ठरवता येते, तरी पण सातबाऱ्यावरची नावं उघड नकाशावर टाकू नका, गट नंबर पुरे. अन् धुऱ्याच्या भांडणात हा नकाशा पुढं करू नका, हद्दीसाठी भूमी अभिलेखची मोजणीच लागते.

माझ्याकडून पाचपैकी चार स्टार. एक कापला तो ऑफलाईनचा. ग्रामपंचायत, पाणलोट समिती, शेतकरी गट यांनी जरूर वापरा, फाईल बदलायला कोणाला अडचण आली तर खाली विचारा, सांगतो.